राजवाड्याच्या पडद्याबाहेरच्या बायका

संगीत नाटकाच्या काळात कंपनीच्या सामानात गुंडाळलेले पडदे असत : राजवाडा, रस्ता, बाग, अरण्य. सरसात कालवलेल्या रंगांनी कापडावर खांब-कमानी अशा उतरवत की उथळ रंगमंचाला खोली यावी. पुढे ‘सैरंध्री’ (१९२०) हा चित्रपट काढणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी याच कामासाठी नावाजले होते. एकच राजवाडा अनेक नाटकांना चाले.

इतिहासातल्या स्त्रिया मराठी रंगभूमीवर आल्या त्या बहुधा या राजवाड्यातूनच. कीर्तन्यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’मधील (१८६१) रमाबाई, खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील (१९०९) आनंदीबाई, शिरवाडकरांच्या ‘वीज म्हणाली धरतीला’मधील (१९७०) लक्ष्मीबाई, तिघींच्या पाठीशी वाडा किंवा किल्ला आहे. जिचा इतिहास जात्यापाशी घडला, तिच्यासाठी मात्र पडदाच नव्हता. सुषमा देशपांडे यांनी १९८९ मध्ये ‘व्हय, मी सावित्रीबाई’ एकटीने उभे केले. त्या प्रयोगाने राजवाड्याला दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते : बाईचे बोलणे पुरेसे आहे.

तरीही पडदा रंगवायचाच ठरला, तर काय रंगवावे? नांदेड-लातूरकडच्या हौशी नाटकवाल्यांपुढचा हा खरा प्रश्न आहे. जनाबाईचेच पाहा. ती गंगाखेडची, पंढरपुरात नामदेवांच्या घरी तिने दळण-कांडण केले. तिच्यामागे देऊळ रंगवले की भक्त उरते, राबणारी बाई पुसली जाते. मी रंगमंचभर जात्याचे एकच वर्तुळ आणि खाली निळा पट्टा सुचवीन. गंगाखेडवरून वाहत आलेली गोदावरी नांदेडकरांच्या दाराशी आहे. त्यांना तो पट्टा सांगावा लागणार नाही. लातूरने मात्र एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिले आहे. तिथे निळ्या पट्ट्याऐवजी रिकामी घागर अधिक बोलेल. प्रतीकाचा अर्थ निम्मा प्रेक्षकांत असतो, तो असा.

दगडाबाई शेळके यांच्याबाबत धोका आणखी मोठा. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी झुंजलेल्या या शेतकरी बाईला आपण ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हणतो. हेतू गौरवाचा, पण त्या उपाधीनेच तिच्यामागे पुन्हा राजवाड्याचा पडदा सोडला जातो. तिच्यामागे काळे रान हवे आणि त्यातून गेलेली पायवाट. घोडा नको.