इस्सा : चिमुकल्या जीवांचा कवी

हायकू हा जगातील सर्वांत लहान काव्यप्रकारांपैकी एक. मूळ जपानी हायकू पाच, सात आणि पाच अशा सतरा ध्वनींत पूर्ण होतो. त्यात ऋतू सुचविणारा एखादा शब्द असतो. बेडूक म्हटले की वसंत, काजवा म्हटले की उन्हाळा. मध्येच एक विराम येतो. विरामाच्या अलीकडे एक चित्र, पलीकडे दुसरे; दोहोंमधील धागा वाचकाने शोधायचा. बाशो, बुसोन, इस्सा आणि शिकी हे या परंपरेचे चार प्रमुख कवी. त्यांपैकी मुलांना चटकन आपलासा वाटतो तो इस्सा.

कोबायाशी इस्साचा जन्म १७६३ मध्ये आजच्या नागानो प्रांतातील काशिवाबारा या डोंगराळ, बर्फाळ खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव यातारो. आई तान्हेपणीच गेली. सावत्र आईशी पटेना आणि आजीचे छत्रही हरपले, तेव्हा वडिलांनी त्याला किशोरवयातच एडो शहरी, म्हणजे आजच्या टोकियोत, पाठविले. तेथे तो काव्य शिकला आणि त्याने ‘इस्सा’ हे नाव घेतले. त्याचा अर्थ ‘एक कप चहा’!

१८०१ मध्ये वडील वारले. घराच्या वाटणीचा वाद तब्बल बारा वर्षे चालला. पन्नाशीत इस्सा गावी परतला आणि १८१४ मध्ये त्याने किकूशी विवाह केला; पण त्यांची चारही मुले बालपणीच दगावली. लाडकी लेक सातो १८१९ मध्ये देवीच्या आजाराने गेली. त्या वर्षाच्या आठवणी ‘ओरागा हारू’ (माझा वसंत) या गद्य-पद्य पुस्तकात आहेत. जग दवबिंदूसारखे क्षणभंगुर आहे, हे बौद्ध इस्साला ठाऊक होते. तरीही बापाचे मन मानत नाही, हे त्याने तेथे लपविलेले नाही.

एवढे सोसूनही त्याची कविता कडवट झाली नाही. चिमण्या, बेडूक, गोगलगायी, माश्या, एवढेच काय पिसवांशीही तो शेजाऱ्यासारखा बोलतो. पोरकेपण भोगलेल्या या कवीला दुबळ्या जीवांत आपलेच सोबती दिसले. त्याने सुमारे वीस हजार हायकू रचले.

१८२७ मध्ये गावाला आग लागून त्याचे घर जळाले. मातीच्या भिंतींच्या कोठारात त्याने अखेरचे दिवस काढले आणि जानेवारी १८२८ मध्ये तेथेच देह ठेवला. ते कोठार आजही जतन केलेले आहे.

मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय कवयित्री शिरीष पै (१९२९-२०१७) यांच्याकडे जाते. मराठी हायकूत ध्वनींच्या मोजणीचा फारसा आग्रह नसतो. तीन ओळी आणि नेमका टिपलेला क्षण महत्त्वाचा. खिडकीच्या गजावर थांबलेला पावसाचा थेंबही त्यासाठी पुरेसा असतो.