पंधरा किलो, एक बेट आणि आमचं पारनेर

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

माझा भाचा पाणबुड्या आहे. पारनेरच्या पोराने पाणबुड्या व्हावं हा तसा विनोदच. आमच्या तालुक्यात पाणी शोधायला बोअरची गाडी लागते, आणि हा पाण्याखाली पोट भरतो. तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा केंद्रात शिकला आणि दोन वर्षं एका बेटावर पर्यटकांना मासे दाखवत होता. मागच्या महिन्यात नोकरी सोडून परत निघाला, तर छोट्या विमानाच्या काउंटरवर बॅग भरली 24 किलो. मर्यादा 15.

त्याने तिथूनच फोन लावला. "मामा, नऊ किलो जास्त झालंय. पैसे भरतो म्हटलं, तर नाही म्हणतायत."

मी पत्रकार माणूस, लगेच तापलो. म्हटलं, नाव सांग, बातमी लावतो. तो म्हणाला, "मामा, त्यांचं चुकत नाहीये. विमान भरलंय."

हे वाक्य डोक्यात राहिलं. आपल्याला सवय काय? एसटीच्या टपावर बाजरीचं पोतं टाकायचं, कंडक्टरशी हुज्जत घालायची, नाहीच ऐकलं तर लगेजचं तिकीट फाडायचं. मुंबईला गेलेल्या पारनेरकरांच्या दोन पिढ्या अशाच पोत्यांवर जगल्या. पैसे दिले की वजन मिटतं, हा आपला हिशोब. विमानात तो का चालत नाही, हे शोधायला बसलो आणि थेट 1932 सालात जाऊन पोचलो.

15 ऑक्टोबर 1932. जेआरडी टाटांनी कराचीहून पुस मॉथ नावाचं एका इंजिनाचं चिमुकलं विमान उडवलं आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरवलं. अहमदाबादला त्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. आपल्या देशातल्या विमान कंपनीची सुरुवात ही अशी. आणि विमानात काय होतं? 25 किलो टपाल. म्हणजे भाच्याच्या बॅगेपेक्षा एक किलो जास्त! पुढच्या वर्षभरात टाटांच्या विमानांनी पावणेअकरा टनांच्या आसपास टपाल नेलं आणि प्रवासी फक्त 155. विमान होतं टपालासाठी, वजन उरलं तर माणूस. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, म्हणून बस्तान पुण्याला हलवावं लागे. त्या काळी जगभर प्रवाशालाही सामानासकट काट्यावर उभं करायचे. आपल्याकडे केदारनाथला हेलिकॉप्टरने गेलेल्यांना हे आजही माहीत आहे. तिथे वजन सांगताना भल्याभल्यांचा आवाज खाली येतो.

पुढे विमानं मोठी झाली आणि काटा फक्त बॅगेपुरता उरला. मोठ्या जेटमध्ये दीडशे-पावणेदोनशे माणसं. त्यात कुणी पाच किलो जास्त आणले तर विमानाला फार फरक पडत नाही, म्हणून तिथे जास्तीचे पैसे घेऊन विषय मिटवता येतो. 2016 मध्ये डीजीसीएने नियम काढला होता की 15 ते 20 किलोपर्यंतच्या जादा सामानाला किलोमागे 100 रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत. कंपन्या कोर्टात गेल्या आणि दुसऱ्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वर्तमानपत्रांत गाजलं ते हे भांडण, म्हणजे पैशाचं. छोट्या विमानाचा प्रश्न वेगळाच आहे, त्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. मीही नाही.

छोटी विमानं आपल्याकडे वायुदूतने आणली. 26 जानेवारी 1981 ला सरकारने ही कंपनी सुरू केली, आधी ईशान्य भारतासाठी. नंतर कानपूरला एचएएल जर्मन परवान्यावर डॉर्नियर 228 बनवायला लागली. 19 खुर्च्यांचं विमान, उडताना माल-माणसं-इंधन मिळून साधारण सहा टनांची मर्यादा. आपल्याकडचा विटांचा ट्रक याहून जड भरतो. 1988 मध्ये लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर पहिल्यांदा विमान उतरलं ते हेच. अगत्तीची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास, दोन्ही टोकांना समुद्र. धावपट्टी आखूड असली आणि त्यात उन्हाळा असला, की हवा विरळ होऊन विमानाला उचल कमी मिळते. मग कमी करायचं तर वजनच. आधी सामान उतरतं, नंतर खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. उडान योजनेचं पहिलं विमान 27 एप्रिल 2017 ला शिमला-दिल्ली सुटलं, तिथेही शिमल्याहून निघताना हेच.

वायुदूतचं नाव निघालं की आपल्या भागातल्या जुन्या माणसांना उजनी आठवते. 23 सप्टेंबर 1989. पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्नियर उजनीच्या पाण्यात कोसळलं. आतले सगळे अकरा जण गेले. मी तेव्हा शाळेत होतो. त्या अपघाताचा वजनाशी संबंध मी जोडत नाही. पण 'छोटं विमान' म्हटलं की आमच्या घरात बरीच वर्षं तेवढंच आठवायचं. 1993 मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि लहान गावांची विमानं बहुतेक बंद पडली.

वजनाचा धडा जगाला शिकवला तो अमेरिकेतल्या एका अपघाताने. 8 जानेवारी 2003, शार्लट शहर. बीचक्राफ्ट 1900 हे 19 प्रवाशांचं विमान उडताच नाक वर करून उभं राहिलं आणि पडलं. 21 जण गेले. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. दुरुस्तीत शेपटाकडची एक तार चुकीची बसवली होती, आणि शेपटाकडे वजन मर्यादेपेक्षा जास्त झालं होतं. कागदावर मात्र सगळं बरोबर होतं! कारण कंपनीने प्रत्येक माणसाचं आणि बॅगेचं 'सरासरी' वजन धरलं होतं, ते नियमाप्रमाणेच होतं, आणि ती सरासरी जुनी होती. माणसं जाड झाली, बॅगा जड झाल्या, तक्ता तसाच राहिला. नंतर तिथल्या सरकारने प्रवाशाचं सरासरी वजन 10 पौंडांनी वाढवलं. मला तर आपल्याकडची दारिद्र्यरेषेची यादी आठवली.

आता साधं गणित. आज आपल्याकडे छोट्या मार्गांवर बहुतेक एटीआर 72 चालतं, सत्तरच्या आसपास खुर्च्या. प्रत्येकाने आठ किलो जास्त आणले तर 560 किलो, म्हणजे सात माणसं चोरून बसवल्यासारखं. आणि किती वजन एवढाच प्रश्न नाही, ते पुढे आहे की मागे हेही महत्त्वाचं. बैलगाडी उलाळ झाली की काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

पाणबुड्याचं सामान या हिशोबात कुठेच बसत नाही. श्वासाचं यंत्र, हवेचं जाकीट, पायातले पंख, रबरी सूट, मुखवटा, टॉर्च... एवढ्यातच 12-15 किलो संपतात. नुसता रिकामा ॲल्युमिनियमचा सिलिंडर चौदाएक किलोचा. तो न्यायचाच तर पूर्ण रिकामा आणि झडप उघडी ठेवून. टॉर्चची बॅटरी काढून हातातल्या पिशवीत. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर मोठ्या विमानातलं चालून गेलेलं वजन छोट्या विमानाच्या काउंटरवर अडकतं. भाच्याचं तेच झालं. अनुभवी लोक श्वासाचं यंत्र जवळ ठेवतात, बाकी सगळं भाड्याने मिळतं म्हणून सोडून देतात. आणि आमच्या शहाण्याने बॅगेत चार किलो शिसं भरलं होतं! पाण्यात खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचं असतं ते. म्हटलं, गाढवा, शिसं सुप्याच्या भंगारवाल्याकडेही मिळेल.

"मामा, मला सगळा सेट घरी हवाय," तो म्हणाला.

त्याला हे घरी का हवंय, ते ऐकून मी गप्प झालो. मे 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या मुलांचा शोध चालू होता. धुळ्याहून आलेल्या एसडीआरएफच्या पथकाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. वाचवायला आलेली माणसं. त्याच्या दोनच दिवस आधी उजनीत बोट उलटून सहा जण बुडाले होते. आमच्याकडे विहिरीत किंवा तलावात कुणी बुडालं की अजूनही गळ टाकतात, गावातला एखादा पोहणारा दम धरून खाली जातो, आणि घरचे काठावर बसून राहतात. मी अशा बातम्या वीस वर्षं लिहिल्यात. 'मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडला' हे वाक्य माझ्या हाताला इतकं सवयीचं झालंय की टाइप करताना बघावंही लागत नाही.

त्या दिवशी त्याने 15 किलो घेतले आणि नऊ किलो काउंटरवर ठेवले. "पुढच्या विमानाने पाठवू" असं सांगितलं होतं. नऊ किलो यायला नऊ दिवस लागले, आणि मुखवट्याची काच तडकलेली. वजनाचं मला पटलं, याचं नाही पटलं. बॅग मागे ठेवायची वेळ येणार हे कंपनीला तिकीट विकतानाच माहीत असतं. मग ते तिकिटावर मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे? आणि मागे राहिलेली बॅग किती दिवसांत पोचवायची, याचं लेखी उत्तर काउंटरवर का मिळू नये?

बाकी, उडान आली तसं आपल्या जिल्ह्यात काकडीला शिर्डीचं विमानतळ झालं, 1 ऑक्टोबर 2017 ला. चिपीचं 9 ऑक्टोबर 2021 ला, तारकर्लीच्या पोरांच्या अगदी दारात. भाच्याला दोन जुने सिलिंडर तिकडेच मिळतायत.

पुढच्या आठवड्यात आणायला जातोय. एसटीने. सिलिंडर रिकामे असतील, तेव्हा कंडक्टरसाहेब, घाबरू नका. लगेजचं तिकीट फाडा, मामा पैसे देतोय.