वापरलेल्या नेटवर्क उपकरणांची पुनर्विक्री आणि सॉफ्टवेअर परवाना

राउटर, स्विच, फायरवॉल यांसारखी नेटवर्क उपकरणे दुसऱ्यांदा विकली जातात, तेव्हा त्यांतील सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क नव्या मालकाकडे जातो की नाही, हा प्रताधिकार कायदा आणि करार कायदा यांच्या सीमेवरील वादग्रस्त प्रश्न आहे. यंत्राची मालकी विक्रीने बदलते, याबद्दल वाद नाही. परंतु त्यातील सॉफ्टवेअर विकलेले नसून केवळ परवान्याने वापरास दिलेले आहे आणि तो परवाना मूळ ग्राहकापुरताच आहे, अशी अनेक उत्पादकांची भूमिका असते. सॉफ्टवेअरविना राउटर ही निरुपयोगी पेटीच ठरते. त्यामुळे या भूमिकेचा परिणाम यंत्राच्या किमतीवरही होतो.

अमेरिकेतील कायदा

वादाचे मूळ ‘प्रथम विक्री’ तत्त्वात आहे. एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीत, ती एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकल्यास प्रताधिकाराचा भंग समजला जाईल, अशी सूचना छापली होती. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली बॉब्स-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढील विक्रीवर अशी अट लादता येत नाही, असा निर्णय दिला. पुढे हे तत्त्व कायद्यात समाविष्ट झाले.

मात्र ते प्रतीच्या ‘मालकाला’ लागू होते, परवानाधारकाला नाही. टिमोथी व्हर्नर यांनी एका वास्तुविशारद संस्थेकडून घेतलेल्या ऑटोकॅडच्या वापरलेल्या प्रती ईबेवर विकण्यास काढल्या. करारात परवाना असे स्पष्ट म्हटलेले असणे, हस्तांतरणावर मोठे निर्बंध असणे आणि वापरावर लक्षणीय मर्यादा असणे, या तीन गोष्टींवरून नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये मूळ ग्राहक हा मालक नव्हे, असे ठरवले. हा निर्णय तबकड्यांवरील सॉफ्टवेअरबद्दल होता, यंत्रात बसवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल नव्हे; हा फरक पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. यंत्रासोबत त्यातील सॉफ्टवेअरही हस्तांतरित करता यावे यासाठी २०१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये एक विधेयक मांडले गेले, पण ते संमत झाले नाही.

युरोपीय संघ

युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात (३ जुलै २०१२) वेगळी दिशा घेतली. मोबदला घेऊन अमर्याद मुदतीचा वापरहक्क दिला असेल, तर करारात त्याला परवाना म्हटले तरी ती विक्रीच होय आणि त्या प्रतीच्या पुढील विक्रीवर उत्पादकाचे नियंत्रण राहत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पहिल्या ग्राहकाने स्वतःची प्रत निरुपयोगी करावी, ही अट आहे. राउटर विकताना सॉफ्टवेअर पेटीसोबतच जात असल्याने ती बहुधा आपोआप पाळली जाते. ठरावीक मुदतीच्या वर्गणीवर दिलेल्या सॉफ्टवेअरला मात्र या निर्णयाचा आधार मिळत नाही.

भारत

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १४(ब) मध्ये संगणक आज्ञावलीची प्रत विकण्याचा हक्क धारकाला दिला आहे. प्रत पूर्वी विकली गेली असली तरी हा हक्क टिकतो, अशा अर्थाचे शब्द १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. इंजिनिअरिंग ॲनालिसिस खटल्यात (२ मार्च २०२१) सर्वोच्च न्यायालयाने, विकत घेतलेली प्रत पुढे विकणारा वितरक या कलमाच्या कक्षेत येत नाही, असे म्हटले. तो वाद प्राप्तिकराचा होता, वापरलेल्या मालाचा नव्हे. तरी त्यात यंत्रासह एकत्रित विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचाही विचार झाला होता. शिवाय कलम ५२ मध्ये आज्ञावली तिच्या मूळ उद्देशासाठी वापरताना प्रत करण्याची मुभा ‘मालकाला’ नव्हे, तर कायदेशीर ताबा असलेल्याला आहे. अमेरिकी कायद्यातील समांतर तरतूद मालकापुरती असल्याने हा शब्दभेद महत्त्वाचा ठरतो.

व्यवहारातील परिणाम

प्रत्यक्षात न्यायालयापेक्षा उत्पादकाचे तांत्रिक नियंत्रण अधिक निर्णायक असते. सिस्कोच्या धोरणानुसार काही अपवाद वगळता सॉफ्टवेअर परवाने हस्तांतरणीय नाहीत. दुय्यम बाजारातील खरेदीदाराने नवा परवाना घ्यावा, अशी कंपनीची अपेक्षा असते. सिस्को मेराकीची उपकरणे दूरस्थ नियंत्रण-पटलावर नोंदवावी लागतात. जुन्या मालकाने आपली नोंद काढली नाही, तर नव्या मालकाला ते उपकरण स्वतःच्या खात्यावर घेता येत नाही. परवाना संपल्यास ३० दिवसांच्या सवलतीनंतर सेवा थांबू शकते.

जुनी उपकरणे परवान्याविनाही चालू राहतात. अडचण अद्ययावतीकरणाची असते. गंभीर सुरक्षादोषांच्या वेळी सेवाकरार नसलेल्या ग्राहकांनाही दुरुस्त आवृत्ती मागण्याची सोय सिस्को आपल्या सूचनांत देते, पण तीही परवाना घेतलेल्या आवृत्तीपुरतीच. त्यामुळे दुय्यम बाजारातील अनेक उपकरणे ज्ञात दोषांसह वापरात राहतात.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरबाबत हा प्रश्न उद्भवत नाही. जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली प्रत मिळणाऱ्या प्रत्येकाला मूळ लेखकांकडून आपोआप परवाना मिळतो. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर २००३ मध्ये त्याचा स्रोत प्रसिद्ध करावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. लिंक्सिस ही त्या वेळी सिस्कोच्याच मालकीची होती.