म्हैसूर आणि बडोदे : दोन संस्थानांतील जीवनमानाचा हिशेब

1957 साली घाना स्वतंत्र झाला. त्या वेळी त्याचे नेते क्वामे एन्क्रुमा आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टचे उफुए-ब्वान्यी यांच्यात एक पैज लागली: दहा वर्षांनी कोणाचा देश पुढे असेल? दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, 1966 मध्ये, एन्क्रुमा पदच्युत झाले. उत्पन्नाच्या बाबतीत आयव्हरी कोस्ट पुढे गेला, साक्षरतेत मात्र घाना वरचढ राहिला. पैज कोणी जिंकली, हे तुम्ही कोणती मोजपट्टी हाती घेता यावर ठरते.

अशीच एक पैज, कोणीही न लावता, आपल्याकडे 1881 पासून चालू होती. त्या वर्षी मार्चमध्ये इंग्रजांनी पन्नास वर्षांच्या कारभारानंतर म्हैसूर संस्थान चामराजेंद्र वोडेयार यांच्या हाती परत दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचा कारभार स्वतः पाहू लागले. दोन्ही संस्थाने पुढे ‘आदर्श’ म्हणून गाजली. म्हैसुरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला ही तुलना सुचणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही दरबारांना जोडणारा धागा मराठीच आहे. तंजावरकडील मराठी घराण्यातले सर टी. माधवराव 1875 पासून बडोद्याचे दिवाण होते, तर त्यांचे चिरंजीव आनंदराव 1909 ते 1912 या काळात म्हैसूरचे. त्याच परंपरेतले व्ही. पी. माधवराव तर आधी म्हैसूरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झाले.

आरंभीची स्थिती मात्र सारखी नव्हती. 1876 ते 1878 च्या दुष्काळाने म्हैसूर मोडून पडले होते. 1871 मध्ये सुमारे साडेपन्नास लाख असलेली लोकसंख्या 1881 मध्ये बेचाळीस लाखांच्या आत आली. त्यावर दुष्काळाचे कर्ज, आणि इंग्रज सरकारला द्यावयाची वार्षिक खंडणी साडेचोवीस लाख रुपयांची, जी 1896 पासून पस्तीस लाख झाली. राज्याचा वसूल तेव्हा कोटीच्या आसपास होता. एवढी रक्कम आधीच बाजूला काढावी लागणाऱ्या दिवाणाच्या मनात पहिला विचार पैशाचा येणार, यात नवल नाही. रंगाचार्लू आणि त्यांच्यानंतर अठरा वर्षे दिवाण राहिलेले शेषाद्री अय्यर यांनी रेल्वे, तलाव आणि कोलारच्या सोन्याच्या खाणी यांकडे लक्ष दिले. 1902 मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार झाली आणि सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून ती प्रथम गेली ती इंग्रज कंपन्यांच्या खाणींकडे. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते 1905 मध्ये. खेडी बराच काळ अंधारातच राहिली.

बडोद्यावर अशी खंडणी नव्हती. त्यामुळेच असेल, पण सयाजीरावांना उत्पन्नाआधी माणसाकडे पाहता आले. 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो सबंध राज्याला लागू करण्यात आला. गोखल्यांनी 1911 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात जे विधेयक आणले, त्यामागे हे उदाहरण होते. विधेयक फेटाळले गेले. 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारण्यात आले. फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत जाऊ लागली. सक्ती म्हणजे अर्थातच दंडही आला. गुरे राखणाऱ्या मुलाची मजुरी बुडते आणि वर दंड भरावा लागतो, हा हिशेब गरीब बापाला कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा चांगला कळत असणार.

दरडोई उत्पन्नाचे विश्वसनीय आकडे त्या काळाचे मिळत नाहीत. म्हणून जनगणनेचे अहवाल वाचावेत. साक्षरतेत बडोदे म्हैसूरच्या स्पष्टपणे पुढे होते. म्हैसूरने सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1913 मध्ये केला आणि तो सावकाश पसरला. (विद्यापीठाबाबत उलटे घडले: म्हैसूरला ते 1916 मध्येच मिळाले, बडोद्याला 1949 मध्ये.) पण दुसरा आकडा पाहा. 1899 च्या छप्पन्नाच्या दुष्काळानंतर बडोद्याची लोकसंख्या चोवीस लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर आली, आणि 1891 चा आकडा पुन्हा गाठायला 1931 उजाडले. प्लेग आणि इन्फ्लुएंझाचाही यात वाटा होता. म्हैसूरने आपली 1871 ची संख्या 1901 मध्ये ओलांडली होती. ही तुलना पुरती न्याय्य नाही, कारण छप्पन्नाचा तडाखा म्हैसूरला तितका बसलाच नाही. तरीही अक्षरओळख झाली म्हणून पाऊस चुकलेल्या वर्षी धान्य मिळत नाही, एवढे त्यातून दिसते. पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात अभियंता म्हणून घडलेले विश्वेश्वरय्या म्हैसूरला आले, कन्नंबाडीचे धरण 1911 मध्ये सुरू झाले आणि त्याच्या कालव्यामुळे मंड्याच्या नाचणीच्या रानात भात व ऊस उभा राहिला. 1930 च्या दशकात तिथे साखर कारखाना आला. माझ्या मते, सामान्य कुटुंबाच्या ताटापुरते बोलायचे तर पारडे म्हैसूरकडे झुकते. त्या कुटुंबातील मुलीच्या हातातल्या पुस्तकापुरते बोलायचे तर बडोद्याकडे.

दोन्ही मोजपट्ट्यांतून निसटणारी एक गोष्ट उरते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या सुशिक्षित शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. पुढच्याच वर्षी म्हैसूरमध्ये कृष्णराज वोडेयार यांनी मागासलेल्या जातींच्या नोकऱ्यांतील प्रमाणासाठी मिलर समिती नेमली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी निम्म्या जागा राखून ठेवल्याला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. विश्वेश्वरय्या या मार्गाशी सहमत नव्हते, आणि त्याच सुमारास त्यांनी दिवाणपद सोडले. धरणाचे काम त्यानंतरही चालू राहिले.