बिनमालकाचा मुलूख आणि त्याचा बंदोबस्त

विकेंद्रित समाजमाध्यमे म्हटली की पुष्कळांना वाटते, हे संगणकवाल्यांचे प्रकरण. त्यात आपणांस काय कळणार? आम्हांस मात्र ही रचना पाहताक्षणीच ओळखीची वाटली. कामगारांच्या महासंघात गावोगावच्या संघटना संलग्न असतात. प्रत्येकीची घटना निराळी, सभासद निराळे, वर्गणीची पेटी निराळी. व्यवहार मात्र सर्वांचा सर्वांशी. डायस्पोरा किंवा मॅस्टोडॉन यांची घडण अशीच आहे. फेसबुकाला असतो तसा एक मालक येथे नाही. कोणीही आपला सर्व्हर उभारावा, त्यावर दहा माणसे घ्यावीत की दहा हजार हे आपले आपण ठरवावे, आणि इतर सर्व्हरांवरील माणसांशी खुशाल बोलावे. आता अशा बिनमालकाच्या मुलखात द्वेष पसरवणारी टोळी येऊन बसली, तर तिला उठवायचे कोणी?

हा प्रश्न प्रथम जोराने पुढे आला तो २०१४ साली. डायस्पोरा हे न्यूयॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये लोकवर्गणीतून सुरू केलेले काम. माणसाची खासगी माहिती एका कंपनीच्या मुठीत राहू नये, एवढाच त्यांचा हेतू. ऑगस्ट २०१४ मध्ये ट्विटरने 'इस्लामिक स्टेट'च्या प्रचारकांना हुसकावले, तेव्हा त्यांनी येथे बिऱ्हाड केले. डायस्पोराच्या मध्यवर्ती मंडळींनी स्पष्ट सांगितले की, दुसऱ्याच्या सर्व्हरवरील मजकूर पुसण्याचे साधन आमच्या हाती नाही. ते खरेच होते. मग त्यांनी त्या खात्यांची यादी केली आणि सर्व्हरचालकांना कळवली. मोठ्या सर्व्हरांनी ती खाती काढून टाकली. हुकूम सोडणारे कोणी नव्हते; निरोप गेला आणि काम झाले.

गॅबचे प्रकरण याहून अवघड. हे अमेरिकेतील समाजमाध्यम २०१६ साली निघाले. 'कोणालाही मज्जाव नाही' या त्याच्या बाण्यामुळे वंशद्वेष्ट्यांचा तेथे अड्डा जमला. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्ग येथील 'ट्री ऑफ लाइफ' या ज्यू प्रार्थनामंदिरात एकाने गोळीबार करून ११ माणसे मारली. जाण्यापूर्वी त्याने गॅबवर आपला इरादा लिहिला होता. त्यानंतर सर्व्हर भाड्याने देणाऱ्या आणि पैशांची देवघेव सांभाळणाऱ्या कंपन्यांनी गॅबशी संबंध तोडले. तरी ते काही दिवसांतच पुन्हा उभे राहिले.

जुलै २०१९ मध्ये या गॅबने मॅस्टोडॉनचाच आराखडा उचलला. मॅस्टोडॉन हे जर्मनीतील युजेन रॉख्को या तरुणाने २०१६ साली रचलेले. त्याचा परवानाच असा की, कोणीही ते घ्यावे, बदलावे, चालवावे. अट इतकीच की, केलेला बदल सर्वांस खुला ठेवावा. (२०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या 'ट्रूथ सोशल'ने ही अट पाळली नाही, तेव्हा रॉख्को यांच्या संस्थेला बोट ठेवता आले ते एवढ्याच कलमावर.) गॅबचा डाव सरळ होता. गूगल आणि ॲपल यांनी त्याच्या ॲपला आपल्या दुकानांत जागा नाकारली होती. मॅस्टोडॉनची ॲपे तेथे होती, म्हणजे मागील दाराने आत शिरता येत होते.

रॉख्को यांना विरोध जाहीर करता आला, बंदी घालता आली नाही. काम केले ते विखुरलेल्या चालकांनी. एकेका सर्व्हरने गॅबशी व्यवहार बंद केला: तुमचा मजकूर आमच्याकडे येणार नाही, आमचा तुमच्याकडे जाणार नाही. कित्येक ॲपकर्त्यांनीही दार लावले. 'टस्की'ने तर गॅबवाल्यांना आत न घेता एक थट्टेचे गाणे ऐकवून परत धाडले! काही ॲपकर्ते म्हणाले, हा निर्णय सर्व्हरांचा, आमचा नव्हे. तो मतभेद आम्हांस प्रामाणिक वाटतो. अखेर २०२० मध्ये गॅबनेच ही जोडणी काढून टाकली. गॅब बुडाले नाही, हेही सांगितले पाहिजे. ते आपल्या कुंपणात राहिले. पण शेजाऱ्यांच्या अंगणात येऊन शिवीगाळ करण्याची त्याची सोय गेली, आणि ज्याला शिव्या खाव्या लागतात त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

कोणी म्हणेल, त्यापेक्षा एक बलदंड मालक बरा. त्याच वर्षीचा आपल्या देशातला अनुभव पाहा. हँबर्गच्या गोदीतील १९३६ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. सगळे कामगार नाझी सलाम करीत आहेत, एकटा हाताची घडी घालून उभा आहे. सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांनी हे चित्र लावले होते, आणि ट्विटरने द्वेषाचा ठपका ठेवून त्यांचे खाते बंद केले! सलाम आणि सलामाला नकार यांतला फरक मालकाला कळला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातील कितीतरी माणसे ट्विटरवर रुसून मॅस्टोडॉनवर आली, ती यामुळे.

आमच्या धंद्यामुळे आमचे लक्ष आणखी एका ठिकाणी जाते. ही घाण रोज वाचतो कोण? मोठ्या कंपन्यांत त्यासाठी पगारी माणसे असतात. त्यांची मने पोळली म्हणून फेसबुकाला अमेरिकेत २०२० साली ५ कोटी २० लाख डॉलरांची तडजोड मान्य करावी लागली. १ मे २०२३ रोजी नैरोबीत असल्या दीडशेहून अधिक कामगारांनी आपली संघटना उभारण्याचा ठराव केला. त्यांना निदान मागणीपत्र कोणाच्या टेबलावर ठेवायचे हे ठाऊक आहे. विकेंद्रित सर्व्हरचा चालक बहुधा बिनपगारी. नोकरी सांभाळून रात्री तक्रारी निवारतो. तो संप कोणाविरुद्ध करणार?

मॅस्टोडॉनने मे २०१९ मध्ये चालकांसाठी एक करारनामा केला, तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. वंशद्वेषाविरुद्ध सक्रिय देखरेख हवी, रोज नक्कल काढून ठेवावी, किल्ली निदान आणखी एकापाशी असावी, आणि सर्व्हर बंद करायचा तर तीन महिने आधी सांगावे. हे शेवटचे कलम फेब्रुवारी २०२३ मध्ये कामी आले. 'मॅस्टोडॉन.लोल' या बारा हजारांच्या आसपास वापरकर्त्यांच्या सर्व्हरचा चालक आपल्यावर होणाऱ्या द्वेषाच्या माऱ्याला कंटाळला आणि सर्व्हर बंद करीत असल्याचे त्याने जाहीर केले. बिऱ्हाड हलवायला लोकांना मे महिन्यापर्यंत मुदत मिळाली.