शुक्रवारचा मासा

दोन वर्षांपूर्वीच्या उपवासकाळातील गोष्ट. पवित्र गुरुवारची सकाळ होती. मासळीबाजारावरून जात असताना आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क मावशी रिकामी पिशवी घेऊन परतताना दिसल्या. मी सहज विचारले, "काय मावशी, आज मासळी आली नाही का?" त्या म्हणाल्या, "मासळी भरपूर आहे, फादर. पण पापलेटाचा भाव ऐकला आणि पाठी फिरले. तेवढ्या पैशांत घरात दोनदा कोंबडी शिजली असती. आता उपास करायलासुद्धा पैसेवालाच व्हायला हवे का?" मी हसलो, पण हसून सुटावे असा तो प्रश्न नव्हता. ज्या दिवशी मांस वर्ज्य, त्या दिवशी ताटात मासा, ही प्रथा आपण आईच्या हातून घेतली. ती कोठून आली आणि कशासाठी आली, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच विचारले असेल. त्या मावशींच्या रिकाम्या पिशवीचे उत्तर या इतिहासात सापडते का, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

आरंभ अर्थातच गालील सरोवराच्या काठी करावा लागतो. प्रभूचे पहिले शिष्य कोळी होते. सरोवराकाठच्या मग्दला गावाला ग्रीक लोक 'तारिखेया' म्हणत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या नावाचा संबंध मासळी खारवण्याच्या धंद्याशी आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील गावांना येतो तसा खाऱ्या मासळीचा वास त्या गावालाही येत असला पाहिजे. योहानकृत शुभवर्तमानात, पाच हजारांना भोजन दिल्याच्या प्रसंगी, मुलाजवळच्या दोन मासळ्यांसाठी 'ओप्सारियोन' हा शब्द आला आहे. भाकरीबरोबर खायचे तोंडीलावणे, असा त्याचा मूळ अर्थ. गालिलातील गरिबाचे जेवण जवाची भाकरी आणि मासळीचा तुकडा एवढेच होते. आपल्या कोळीवाड्यातील भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील यांची आठवण व्हावी, असेच ते जेवण होते.

त्याच शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू पहाटे किनाऱ्यावर उभा आहे. रात्रभर जाळे टाकून थकलेले शिष्य काठाला येतात, तेव्हा निखारे पेटलेले असतात, त्यांवर मासळी भाजत असते आणि शेजारी भाकरी असते. मृत्यूवर विजय मिळवलेला प्रभू आपल्या माणसांसाठी न्याहारी तयार करतो आणि त्यांना जेवायला बोलावतो. निखाऱ्यांच्या शेगोटीसाठी येथे 'अंथ्राकिया' हा ग्रीक शब्द वापरला आहे. नव्या करारात तो दोनच ठिकाणी येतो. एकदा येथे, आणि त्यापूर्वी महायाजकाच्या अंगणात, जेथे शेकत उभा असताना पेत्राने प्रभूला नाकारले. पहिल्या शेगोटीपाशी पेत्र पडला, दुसरीपाशी त्याला जेवू घालून उभे केले गेले. भाजलेल्या माशाचे ख्रिस्ती अर्थशास्त्र म्हणा की धर्मशास्त्र म्हणा, या शेगोटीपासून सुरू होते. जुन्या करारातील तोबीतच्या पुस्तकातही राफाएल देवदूताच्या सोबतीने प्रवासाला निघालेला तरुण तोबिया नदीतील मासा भाजून खातो आणि उरलेला खारवून ठेवतो, हे वाचकांना स्मरत असेल.

छळाच्या काळात मासा ही श्रद्धावंतांची खूण झाली. 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या ग्रीक शब्दांची आद्याक्षरे जुळवली की 'इख्थिस', म्हणजे मासा, हा शब्द तयार होतो. रोममधील संत कलिस्तसच्या भुयारी दफनभूमीत मासा आणि भाकरीची टोपली यांचे प्राचीन चित्र आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस फ्रिगियातील हिएरोपोलिसचे बिशप अबेर्कियुस यांनी स्वतःचा समाधिलेख रचून ठेवला. आपण रोमपर्यंत प्रवास केला आणि सर्वत्र श्रद्धेने आपल्याला निर्मळ झऱ्यातील मासा भोजनास दिला, असा त्याचा आशय आहे. त्याचे तुकडे १८८३ साली विल्यम रॅमसे या संशोधकास सापडले. आज ते व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहेत. त्या काळच्या ख्रिस्ती माणसाला मासा म्हणताच प्रथम आठवत असे ती पवित्र मिस्साची मेजवानी.

उपवासाची परंपराही तितकीच जुनी आहे. 'दिदाखे' या आद्य ख्रिस्ती ग्रंथात बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करण्यास सांगितले आहे. शुक्रवार हा प्रभूच्या दुःखसहनाचा दिवस. परंतु त्या काळी उपवासाचा हिशेब ताटापाशी संपत नसे. दुसऱ्या शतकातील 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात फार स्पष्ट सूचना आहे. उपवासाच्या दिवशी जे अन्न तुम्ही खाणार होता, त्याची किंमत काढा आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. वाचकांनी हे वाक्य मनात ठेवावे, कारण पुढील शतकांत नेमके तेच अनेकदा विसरले गेले.

मासा मांसात का मोजला नाही? सुमारे सन ५३० च्या सुमारास संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यात आजाऱ्यांखेरीज इतरांना चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य केले. माशाचा त्यात उल्लेख नाही, म्हणून मासा मठाच्या पंगतीत राहिला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी या नियमाचे कारण सांगितले. जे अन्न अधिक रुचकर आणि शरीराला अधिक उत्तेजित करणारे, ते ख्रिस्तसभेने उपवासात टाळण्यास सांगितले. मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतेही त्यात आले. मासा त्या मानाने साधा, असा त्यांचा विचार होता. थोडक्यात, मासा खाण्याची आज्ञा कधीच नव्हती. आज्ञा होती ती साधेपणाची, आणि मासा हा त्या काळचा साधेपणा होता.

या साधेपणाने युरोपचा व्यापार मात्र बदलून टाकला. वर्षातील कितीतरी दिवस मांस वर्ज्य असल्यामुळे मासळीला अखंड मागणी राहिली. मठांनी तळी खोदून मासे पाळले. नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोतेन बेटांवर कॉड मासा मीठ न लावता थंड वाऱ्यात लाकडी मांडवांवर वाळवीत, आणि तो दूरदूरच्या बंदरांना जाई. आपल्याकडे बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळतात, ते ज्याने पाहिले त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. १४९७ मध्ये जॉन कॅबट न्यूफाउंडलंडच्या बाजूस पोहोचला. तेथील समुद्रातील अपार कॉडची वार्ता पसरली आणि पोर्तुगीज, फ्रेंच, बास्क व इंग्रज नौका तिकडे धावल्या. खारवलेला कॉड, म्हणजे पोर्तुगीजांचा 'बाकल्याव', आजही त्या देशात नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण आहे.

जेथे व्यापार आला तेथे राजकारणही आले. १५२२ च्या उपवासकाळात झुरिक शहरात क्रिस्तोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी काही जणांनी जाणूनबुजून मांसाचे तुकडे खाल्ले. तेथे उपस्थित असलेले झ्विंगली यांनी स्वतः ते खाल्ले नाहीत, परंतु पुढे प्रवचनातून खाणाऱ्यांची बाजू घेतली, आणि स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारणेच्या चळवळीला तोंड फुटले. याउलट कॅथलिक धर्मापासून दूर गेलेल्या इंग्लंडने १५६३ मध्ये कायदा करून बुधवार हाही मासे खाण्याचा दिवस ठरवला. मंत्री विल्यम सेसिल यांचा हेतू असा, की कोळी जगले तर आरमाराला खलाशी मिळतील. गंमत अशी, की हा नियम धर्मासाठी नसून राज्याच्या हितासाठी आहे, असे कायद्यातच नमूद केले होते आणि त्याला धार्मिक अर्थ देणाऱ्यास शिक्षा सांगितली होती! १५८५ मध्ये हा बुधवार रद्द झाला. प्रायश्चित्तातून प्रभू वजा केला की काय उरते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत या भूमीवर ख्रिस्तसभा रुजली. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मिरची त्यांच्याच जहाजांतून आली, आणि आज तिच्याशिवाय आपले एकही कालवण होत नाही. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले. पोर्तुगीज लोक जपानमध्ये मांसवर्ज्य दिवसांत पिठात घोळवून तळलेले मासे खात, आणि त्या उपवासदिनांच्या लॅटिन नावावरून जपानी 'तेंपुरा' हा शब्द आला, असे अनेक अभ्यासक मानतात. उपवासाचा मासा असा समुद्र ओलांडून पूर्वेच्या टोकापर्यंत गेला.

परंतु आपल्या किनाऱ्यावर एक वेगळीच अडचण होती. युरोपच्या खेड्यातील माणसाला मासा हा मांसाच्या जागी आलेला पर्याय होता. आपल्या कोळी बांधवांचे तर रोजचे अन्नच मासळी. ज्याच्या घरी मांस सणावारी शिजते, त्याला शुक्रवारी मांस सोडण्यात कोणता त्याग? आणि ज्याला पापलेट परवडते, त्याने कोंबडीऐवजी पापलेट खाल्ले तर ते प्रायश्चित्त कसे? नियम पाळला जातो, पण त्याचा आत्मा हरवतो.

ख्रिस्तसभेने हा प्रश्न ओळखला होता. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप पॉल सहावे यांनी 'पेनितेमिनी' या पत्राद्वारे उपवासाच्या नियमांची नव्याने मांडणी केली. प्रायश्चित्त हे दैवी आज्ञेने सर्वांवर बंधनकारक आहे. ते कसे करावे, हे मात्र देशोदेशींच्या परिस्थितीनुसार ठरवावे, अशी त्यामागील दृष्टी होती. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक शुक्रवार हा प्रायश्चित्ताचा दिवस आहे. मांस किंवा बिशप परिषद ठरवील ते अन्य अन्न वर्ज्य करावे, आणि प्रार्थना व परोपकाराची कृत्येही त्याच्या जागी ठेवता येतात. राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार हे उपवासाचे व मांसवर्ज्याचे दिवस आहेत. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना मांसवर्ज्य लागू होते. इंग्लंड व वेल्सच्या महागुरुस्वामींनी सप्टेंबर २०११ पासून शुक्रवारचे मांसवर्ज्य पुन्हा सुरू केले. बाह्य खूण अगदीच पुसली, तर आतली आठवणही पुसट होते, हा त्यांचा अनुभव विचार करण्यासारखा आहे.

दरम्यान आपला समुद्रही बदलला आहे. पापलेटाचे उत्पादन घटत गेले. लहान पिल्लेच जाळ्यात ओढली गेली, तर मोठा मासा येणार कोठून? २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित केले, त्यामागे त्याच्या संवर्धनाची चिंता होती. म्हणजे जो मासा जपायचा, त्याच्याच मागे आपण उपवासाच्या नावाने धावतो आहोत.

मग शुक्रवारच्या संध्याकाळी करावे काय? मी स्वयंपाकघरातील माणूस नव्हे. पण धर्मगुरूला अनेक घरी जेवावे लागते आणि काही गोष्टी ध्यानात राहतात. एका घरी पाहिलेले साधे जेवण सांगतो. बांगडा, मांदेली किंवा त्या दिवशी स्वस्त मिळेल ती मासळी साफ करून धुवायची. मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ लावून थोडा वेळ ठेवायची. कोथिंबीर, लसूण, आले, हिरवी मिरची आणि ओले खोबरे यांचे वाटण आतबाहेर भरायचे. केळीचे पान जाळावर धरून मऊ करायचे, त्यात मासळी गुंडाळून दोऱ्याने बांधायची. पूर्वी अशी पुडी चुलीतील गरम राखेत पुरीत. आता ओव्हनमध्ये १८० अंशांवर बांगडा वीस-पंचवीस मिनिटांत होतो, मांदेली त्याहून लवकर. माशाचे मांस कोवळे, त्याला बकऱ्याच्या मांसासारखे तासभर शिजवावे लागत नाही. काट्यापासून ते सहज सुटू लागले की झाले. तेल जवळजवळ लागत नाही. बागायतदाराच्या वाडीतील पान आणि कोळ्याच्या होडीतील मासा एकाच पुडीत बांधले जातात. आपल्या वसईचा अर्धा इतिहास त्यात आला.

मला त्या घरी आवडले ते मात्र निराळेच. पुडी उघडण्यापूर्वी घरधनिणीने एक पुडी बाजूला काढली आणि मुलाला शेजारच्या एकट्या म्हातारीकडे पाठवले. तो परत येईपर्यंत कोणी पानाला हात लावला नाही. हर्मासचा ग्रंथ त्या बाईंनी वाचलेला नव्हता, पण त्यातील हिशेब त्यांना अचूक ठाऊक होता.

त्या मावशींना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. मावशी, तुमचा उपवास त्या रिकाम्या पिशवीनेही होतो. घरात डाळभात असेल तर तोच शिजवा, चार मांदेली मिळाली तर ती भाजा. पापलेट ही उपवासाची अट कधीच नव्हती. ज्यांना पापलेट परवडते, त्यांनी मात्र येत्या शुक्रवारी त्याचा भाव विचारावा, पापलेट तेथेच ठेवावे आणि तेवढी रक्कम घेऊन आपल्या गल्लीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही, ते पाहावे. गालिलाच्या काठी प्रभूने निखारे पेटवले ते उपाशी आणि खजील झालेल्या माणसांसाठी.