त्सावोचा पाणवठा

‘सफारी’ हा शब्द आपल्याला इंग्रजांनी शिकवला, असे मी परवापरवापर्यंत समजत होतो. वस्तुतः तो स्वाहिली भाषेतला. स्वाहिलीत तो अरबीतून आला, आणि त्याच अरबी ‘सफर’चे आपण मराठी माणसेही कित्येक पिढ्यांचे ऋणको आहोत. म्हणून नैरोबीत नोकरी करणाऱ्या भाच्याने “मामा, दोन रात्रींची सफारी माझ्यातर्फे” असे लिहिले आणि आमच्या सौ. “खाकी कपडे शिवावे लागतील का हो?” असे विचारू लागल्या, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, “छे! साडीच चालेल. शब्द आपल्याच नात्यातला आहे.”

भाच्याने आमची सोय केली होती ती केनियातल्या पश्चिम त्सावो राष्ट्रीय उद्यानातल्या किलागुनी या निवासात. १९६२ साली, म्हणजे केनिया स्वतंत्र होण्याच्या आदल्या वर्षी, हा निवास उघडला. त्या देशाच्या राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत असा निवास तोवर नव्हता. किलागुनी म्हणजे कांबा भाषेत गेंड्याचे पिल्लू. बांधणी ओबडधोबड दगडांची, पण आत गेल्यावर मऊ गाद्या, पांढऱ्याशुभ्र चादरी, रात्री पाच पदार्थांचे इंग्रजी जेवण आणि आपण मागण्याआधी पुढे येणारा चहा! स्वाहिलीतही तो ‘चाय’च. शिवाय चपाती ती ‘चपाती’, गाडी ती ‘गारी’, दुकान ते ‘दुका’ आणि लाख म्हणजे ‘लाकी’. सौ.नी अर्ध्या तासात वाढप्याशी असे काही संभाषण जमवले की चाळीस वर्षे इतिहास शिकवून मला जे साधले नसते ते त्यांनी चार शब्दांत साधले.

निवासाची खरी करामत म्हणजे त्याचा लांबलचक ओटा. त्याला कठडा नाही म्हटले तरी चालेल. समोर पाणवठा, मागे च्युलूच्या टेकड्या, आणि आकाश निवळले तर दूरवर किलिमांजारोचा पांढरा माथा. आपण खुर्चीत बसावे आणि हत्तींनी, झेब्य्रांनी, रानम्हशींनी आपल्या दर्शनाला यावे, असा उलटा दरबार! एका पिवळ्या चोचीच्या धनेशाने सौ.च्या हातातली चकली पळवली, तेव्हा आमच्या फराळाने आफ्रिकेत पाय ठेवला असे म्हणायला हरकत नाही.

रात्री मात्र वेगळा अनुभव आला. जेवणानंतर खोलीकडे एकट्याने जायचे नाही, असा नियम. विजेरी घेतलेला एक अस्कारी, म्हणजे पहारेकरी, आमच्या सोबत निघाला. हा शब्दही आपल्या ‘लष्कर’चा भाऊबंदच. तो मला आदराने ‘म्झे’ म्हणत होता. म्झे म्हणजे वडीलधारा. वाटेत तो थांबला. अंधारातून सिंहाचा आवाज आला. लांबचा होता, तो हसून म्हणालाही. पण माझ्या छातीत जे झाले ते झाले. दार लावून, कडी दोनदा तपासून मी पलंगावर पडलो, आणि या त्सावोत १८९८ साली कापडी तंबूत निजलेल्या आपल्या माणसांची आठवण होऊन झोप उडाली.

ती हकीकत सांगायलाच हवी.

मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे न्यायची, असे इंग्रज सरकारने ठरवले आणि १८९६ साली काम सुरू झाले. अंतर सुमारे ९३० किलोमीटर. शेवटी त्यावर पंचावन्न लाख पौंडांच्या घरात खर्च झाला आणि विलायतेतल्या टीकाकारांनी तिला वेड्यांची रेल्वे म्हटले. वेडे कोण असतील ते असोत, घाम मात्र हिंदुस्थानचा होता. सुमारे ३२,००० मजूर करारावर नेण्यात आले. बहुतेक पंजाबातले, पण जहाजे सुटत ती कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. ज्या १८९७ साली प्लेगने पुण्याची दैना केली, त्याच वर्षी कराचीतल्या प्लेगामुळे ही मजुरांची जहाजे काही काळ थांबली होती. पुढे त्या मुलुखात कायदा गेला तो आपला पिनल कोड, आणि नाणे गेले ते आपला रुपया. १९२० पर्यंत तेथे रुपयाच चालत होता. आपण ज्याला परका खंड म्हणतो त्याच्या खिशात वीसपंचवीस वर्षे आपलेच नाणे खुळखुळत होते, हे शाळेच्या पुस्तकात मी कधी वाचले नाही. शिकवलेही नाही, ही माझी चूक.

मोंबासापासून १३२ मैलांवर त्सावो नदी आडवी आली. तिच्यावर पूल बांधायला जॉन हेन्री पॅटर्सन हा अधिकारी मार्च १८९८ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत तंबूंतून माणसे नाहीशी होऊ लागली. दोन सिंह होते, दोघेही नर, आणि दोघांनाही आयाळ नव्हती. उंगनसिंग नावाच्या धिप्पाड जमादाराला त्यांनी तंबूच्या दारातून गळा धरून नेले. मग काटेरी कुंपणे झाली, त्यांना तेथे ‘बोमा’ म्हणतात. सिंह कुंपणातून आत आले. शेकोट्या झाल्या. शेकोट्या पेटलेल्या असतानाही आले. लोक झाडांवर खाटा बांधून निजू लागले, पाण्याच्या टाक्यांवर चढू लागले, तंबूत खड्डे खणून वर ओंडके घालून त्यात निजू लागले. एकदा तर माणसांच्या भाराने झाडच कोसळले. पॅटर्सनने रुळांचा पिंजरा केला, आत आमिष म्हणून बंदुका घेतलेले शिपाई बसवले. सिंह खरोखर पिंजऱ्यात शिरला. पण शिपायांच्या हातांना असा कंप सुटला की एक गोळी दाराच्या गजाला लागून गज तुटला आणि सिंह निघून गेला. हे वाचून हसणारे लोक मी पाहिले आहेत. मला त्या रात्रीनंतर हसू येत नाही.

मजूर म्हणत, हे सिंह नव्हेत, सैतान आहेत. स्वाहिलीतही सैतानाला ‘शेतानी’च म्हणतात, आणि किलागुनीपासून जवळच्या काळ्याकुट्ट लाव्हाच्या पठाराला तेच नाव आहे. पण ही माणसे केवळ भेदरलेली नव्हती. त्यांना हिशेब कळत होता. साध्या मजुराचा पगार महिना १२ रुपये, गवंड्याचा ४५ रुपये. कोण खरा गवंडी आणि कोण नावापुरता, यावरून पॅटर्सनशी त्यांचे इतके बिनसले की सप्टेंबर १८९८ मध्ये त्याला खाणीवर गाठून मारण्याचा बेत झाला होता. आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेला तर त्यांनी सरळ रुळांवर अंग टाकून गाडी थांबवली. आम्ही करार केला तो सरकारचे काम करण्याचा, सिंहांचा घास होण्याचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. शेकडो माणसे गाडीत चढून मोंबासाकडे गेली, आणि तीन आठवडे पुलाचे काम बंद! ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याची रेल्वे बारा रुपये महिन्याच्या माणसांनी थांबवली. सिंहांनी थांबवली असे सगळीकडे लिहितात. माझे मत निराळे आहे.

९ डिसेंबरला पहिला सिंह पडला, २९ डिसेंबरला दुसरा. परतलेल्या मजुरांनी पॅटर्सनला चांदीचे पात्र भेट दिले. माणूस दिलदार खरा!

किती माणसे गेली? पॅटर्सनने १९०७ च्या पुस्तकात अठ्ठावीस हिंदी मजूर सांगितले, आफ्रिकी लोकांची गणतीच ठेवलेली नव्हती. पुढे त्याने आकडा एकशे पस्तीसवर नेला. २००९ साली शास्त्रज्ञांनी सिंहांची हाडे आणि केस तपासून अंदाज केला तो पस्तीसच्या आसपासचा. एका सिंहाचा सुळा मोडून मुळाशी पू झालेला आढळला. मोठी जनावरे धरणे त्याला अवघड झाले असावे. त्यातच त्या दशकात गुरांच्या साथीने रानम्हशींचा फडशा पाडला होता. पण सगळ्या रेल्वेकामात सुमारे अडीच हजार हिंदी मजूर मेले, त्यांत सिंहांचा वाटा अगदी थोडा. बाकीचे हिवतापाने, हगवणीने, अपघाताने गेले. त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिले नाही.

आणि सिंहांचे काय झाले? कातडी पॅटर्सनच्या घरी पाव शतक गालिचे म्हणून पडली होती. १९२४ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमने ती ५,००० डॉलरांना घेतली. तेव्हाच्या भावाने हे पंधरा हजार रुपयांहून जास्त होतात. म्हणजे एका मजुराची शंभर वर्षांची मजुरी.

रेल्वे झाली आणि तिच्याबरोबर शिकारी आले. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष रूझवेल्ट याच मार्गाने, इंजिनाच्या पुढे बाक बांधून बसून गेले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून पाचशेवर जनावरे मारली. १९४८ साली त्सावोचे राष्ट्रीय उद्यान झाले. पूर्व-पश्चिम मिळून सुमारे २१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्याहून मोठे. मात्र तेथे धनुष्यबाणाने हत्ती मारून पिढ्यान्‌पिढ्या जगणारे वाता लोक एका कायद्याने चोर ठरले आणि १९५६-५७ च्या मोहिमेत त्यांतले पुष्कळ तुरुंगात गेले. बंदूकवाले साहेब ते शिकारी आणि धनुष्यवाले ते चोर! केनियात शिकारीवर सर्वांनाच बंदी आली ती १९७७ साली. तरीही हस्तिदंतासाठी एवढी कत्तल झाली की १९८९ साली सरकारने नैरोबीत बारा टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले.

परतताना आम्ही म्तितो अंदेई स्थानकावर नव्या रेल्वेने मोंबासाकडे निघालो. ही रेल्वे २०१७ साली चिनी कंपनीने बांधली. हत्तींना जायला खाली उंच वाटा ठेवल्या आहेत. समोरच्या बाकावर एक वृद्ध शीख गृहस्थ होते. त्यांचे पणजोबा जुन्या रुळांच्या कामावर आलेले. त्सावो नदी येताच मी उत्साहाने विचारले, “सिंहांच्या गोष्टी घरात सांगत असतील?”

“नाही,” ते म्हणाले. “आमच्या घरात गोष्ट चालते ती पाण्याची. तारूच्या वैराणात पाणी गाडीने यायचे. गाडी चुकली की सगळी छावणी रुळांकडे डोळे लावून बसायची. पणजोबा म्हातारपणी जेवायला बसले की आधी लोटा भरलेला आहे का ते पाहत.”

मला किलागुनीचा तो ओटा आठवला. सौ.नी मुकाट्याने उरलेल्या चकल्यांचा डबा त्यांच्यापुढे केला. त्यांनी एक घेतली, “तिखट आहे हां, बहेनजी!” म्हणून डोळे पुसले आणि पिशवीतली पाण्याची बाटली काढून आधी आमच्यापुढे धरली.